दोन शब्दांची दुरुस्ती: खिळा आणि मावशी

मी, खाली सही करणारी, वय सदुसष्ट, धंदा पडदे आणि उशांच्या खोळी शिवणे, हल्ली डोळ्यांमुळे फक्त ओळखीच्यांचे, राहणार मुलाकडे, बसच्या शेवटच्या थांब्यासमोरची इमारत, तिसरा मजला, ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते ते असे:

काल दुपारी तुमच्या शिपायांनी जागेवर जो पंचनामा केला, त्यातल्या दोन शब्दांबद्दल मला सांगायचे आहे. एका ठिकाणी लिहिले आहे, 'सदर महिलेच्या हातात लोखंडी खिळा मिळून आला.' दुसऱ्या ठिकाणी लिहिले आहे, 'सदर महिला ही भाडेकरूची मावशी आहे.' माझे वडील छापखान्यात जुळारी होते. एकेक अक्षर हाताने उचलून ओळी जुळवायचे. चुकीचा शब्द आमच्या घरात काट्यासारखा सलायचा. लिहून घेणारे साहेब म्हणाले, "आजी, मुद्द्याचं बोला." हाच मुद्दा आहे.

ज्या इमारतीत हा प्रकार झाला ती तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेवटून दुसरी. पहिल्या मजल्यावर मालक राहतात. साठी उलटली तरी लोक त्यांना धाकटे मालकच म्हणतात, कारण थोरले मालक म्हणजे त्यांचे वडील. त्यांच्या बरोबर वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर आहे. ती जागा एका तरुण मुलीने भाड्याने घेतली आहे. ती लांब पल्ल्याच्या गाड्यांवर तिकीट तपासते. महिन्यातले निम्मे दिवस ती गाडीत असते. तेवढ्या दिवसांत ती घर सुट्टीवर आलेल्या लोकांना देते, असे मालकांचे म्हणणे आहे, आणि भाडेकरारात त्याला मनाई आहे. जागा खाली करण्याची नोटीस त्यांनी खिशात तयार ठेवली आहे. माझा जबाब झाला की ती द्यायची की नाही ते ठरेल, असे मला बाहेर बाकावर कळले. ती मुलगी त्याच बाकावर बसून आहे. कालपासून तिच्या पोटात अन्न नाही.

त्या जागेत माझा जन्म झाला. लग्न होईपर्यंत मी तिथेच होते. ते माझे माहेर. भाड्याचे होते, पण भाड्याचे असले म्हणून माहेर काही कमी माहेर होत नाही. बाबा गेले त्या वर्षी माझ्या भावाने ती जागा सोडली. माझा मुलगा तेव्हा दवाखान्यात होता, मला जाता आले नाही. भाऊ एक खुर्ची आणि आईचा वजनकाटा माझ्या दारात ठेवून गेला. "बाकी काय होतं गं तिथे?" म्हणाला. मी गप्प बसले. त्या गोष्टीचे मला अजून वाईट वाटते. रिकाम्या खोल्या तरी एकदा बघायला हव्या होत्या.

गेल्या महिन्यात सून फोनवर सुट्टीसाठी जागा बघत होती. मी शेजारी बसून खोळीला काजे करत होते. एका फोटोत खिडकी दिसली. तीन तावदाने साधी आणि चौथे खरखरीत काचेचे. ते चौथे भावाने चेंडूने फोडले होते आणि बाबांनी मिळाली ती काच बसवली, न्हाणीघराची. मी म्हटले, "ही खिडकी आमची आहे." सून म्हणाली, "आई, खिडक्या काय, सगळीकडे सारख्याच." मग जागा कुठली ते तिने पाहिले आणि हसायलाच लागली. "आपल्याच गावात? बसने अर्ध्या तासावर सुट्टीला कोण जातं?" मी म्हटले, "माहेरवाशीण जाते." मुलाने दोन दिवसांसाठी जागा घेऊन दिली आणि पैसे भरले. हे मी लपवत नाही. त्या पैशांचे पुढे काय झाले तेही सांगते.

परवा मी पिशवी घेऊन तिथे गेले. किल्ली कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे ठेवली होती. तो म्हणाला, "पाहुण्या ना?" मी हो म्हटले. त्या घराची मी पहिल्यांदाच पाहुणी झाले. जिना तोच आहे. वळणावरची पायरी अजून खचलेली आहे आणि पाय अजून आपोआप तिच्या कडेने जातो. आत मात्र सगळे पांढरे. भिंतीवर तळ्याचे मोठे चित्र लावले आहे. खिडकीबाहेर अख्खे तळे पडलेले असताना भिंतीवर तळे कशाला, ते मला समजले नाही. दाराशी पाटी आहे, 'कृपया घरच्यासारखे राहा.' मी तसेच राहिले. खुर्च्या सोडून खिडकीखाली जमिनीवर बसले. आमच्याकडे तिथे कोणी खुर्चीवर बसत नसे. खिडकीखाली बसून बाबा हात धुतल्यावरही काळीच राहिलेली बोटे पुसत असत, आणि आई त्यांना म्हणत असे, "पुसून पुसून बोटं जातील, काळं नाही जायचं." संध्याकाळी पाण्यावरचा उजेड छतावर हलतो. तो तसाच हलत होता. मी रडले. जबाबात लिहायचे असल्यास लिहावे.

पलंग पुढच्या खोलीत आहे. त्यावर मला झोप येईना. शेवटी गादी ओढत स्वयंपाकघरात नेली आणि ओट्याच्या बाजूला टाकली. ती माझी झोपायची जागा. सुट्टीच्या दिवसांत पुढच्या खोलीत आम्ही भावंडे कधीच झोपलो नाही. तिथे पाहुणे असायचे.

साहेबांनी विचारले, कोण पाहुणे? तर ते असे. तळ्यामुळे सुट्टीत गावात माणूस मावत नसे. जुळाऱ्याच्या पगारात आमचेही भागत नसे. म्हणून आई पुढची खोली आठ-पंधरा दिवसांसाठी देत असे. भाडेकरारात तेव्हाही मनाई होती. 'पोटभाडेकरू ठेवू नये.' गंमत म्हणजे त्या कराराचा छापील नमुना बाबांच्याच छापखान्यात छापला होता आणि ती ओळ बाबांनीच जुळवली होती. छापखान्यात अक्षरे उलटी जुळवतात. बाबा म्हणायचे, "मी ती अट उलटी जुळवली, म्हणून आपल्याकडे ती उलटीच पाळतात." आई म्हणायची, "हळू बोला, खाली मालक आहेत."

तेव्हा आमच्याकडे जो येईल तो मामा आणि जी येईल ती मावशी. शिट्टी वाजवणारा मामा होता. घोरणारा मामा होता, तो आला की आम्ही कानात कापूस घालायचो. खोकल्याची मावशी होती. नवऱ्याशी भांडून आलेली एक मावशी होती, ती दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी आईकडून शिवण शिकली आणि पुढे त्यावरच पोट भरू लागली. मी त्यांचे बोलणे दाराआडून ऐकत झोपायचे. जगात किती गावे आहेत ते मला शाळेत कळले नाही, तिथे कळले. सुट्टी संपून पुढची खोली आम्हाला परत मिळाली की आम्ही नाचायला हवे होते. पण दोन दिवस घर खायला उठायचे. तशी भरलेली घरे मला पुढे कुठेच मिळाली नाहीत. सासरी नाही, मुलाकडेही नाही. मुलगा-सून चांगली आहेत. पण तिथे दाराची घंटा वाजली तर पार्सल असते.

थोरल्या मालकांना हे ठाऊक होते. त्यांनी एकदा जिन्यात आईला अडवले. मी आईचा पदर धरून उभी होते. "वहिनी," ते म्हणाले, "यंदा तुमच्या बहिणी फार आल्या." आई म्हणाली, "माणसं जोडलेली बरी असतात." ते म्हणाले, "जोडा, जोडा. फक्त जिन्यातल्या चपला जोडून ठेवायला सांगा, माझा पाय अडकतो." त्यानंतर नवीन पाहुणे आले की आई त्यांना आधी खाली घेऊन जायची. "या माझ्या मावसबहीण," असे सांगायची. थोरले मालक "बसा, चहा घ्या," म्हणायचे. दोघांनाही खरे माहीत होते आणि दोघेही गंभीर तोंडाने बोलायचे. हे मी ऐकीव सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलेले सांगते.

काल सकाळी त्या मुलीची गाडी रद्द झाली म्हणून ती गणवेश बदलायला घरी आली. गादी स्वयंपाकघरात बघून ती दचकली. "मावशी, पलंग टोचतो का?" तिचा माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द, मावशी. आपल्याकडे अनोळखी बाईला हाक मारायची तर दुसरे काय म्हणणार? मी सांगितले, पलंगाची जागा पाहुण्यांची आहे आणि मी या घरची आहे. मग तिने चहा ठेवला आणि मी तिला घर दाखवले. तिलाच तिचे घर. ओट्याखालचा कोनाडा तिला माहीत नव्हता, त्यात आई वजनकाटा ठेवायची. स्वयंपाकघराची फरशी दाराकडे उतरती आहे. मी एक बटण सोडून दाखवले. ते घरंगळत दाराशी गेले, तशी ती टाळ्या वाजवायला लागली. ती वयाने मोठी आहे, पण अजून लहान आहे.

मी तिला विचारले, मनाई असताना लोकांना का ठेवतेस? ती म्हणाली, भाडे एकटीला झेपत नाही, हे एक. "आणि दुसरं सांगू? आठ दिवसांनी कुलूप उघडलं की घर गार पडलेलं असतं. कुणी राहून गेलेलं असलं की तसं नाही वाटत. कुणी फुलं ठेवून जातं, कुणी चिठ्ठी. एकानं माझा गळका नळ दुरुस्त केला." मग स्वतःच हसून म्हणाली, "दिवसभर लोकांची तिकिटं तपासते मी, आणि माझ्याच घरात सगळे बिनतिकिटी." तिथेच तिने फोन काढला आणि माझ्या मुलाने भरलेले पैसे परत पाठवले. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, "माहेरपणाला आलेल्या बाईकडून पैसे घेऊ? हात झडतील माझे." तेव्हापासून मी तिथे तिच्या घरी आलेली बाई म्हणून होते. याआधी कोण येऊन राहिले ते मी पाहिलेले नाही आणि मला विचारू नये.

आता खिळा. तळ्यावरून वारा आला की ती खिडकी खडखडते. आम्ही लहान असताना बाबांनी चौकटीच्या फटीत छापखान्यातला एक खिळा दाबून बसवला. छापायच्या शिशाच्या अक्षराला जुळारी खिळाच म्हणतात. ठोकायचा तो वेगळा. हा झिजलेला म्हणून काढून टाकलेला खिळा होता, ळ या अक्षराचा. बाबा म्हणायचे, "ळ बिचारा कधी पुढे बसत नाही. एक शब्द त्याच्यापासून सुरू होत नाही. पण तो नसेल तर तळं आटेल, शाळा बंद पडेल, आणि खिळा हा शब्दसुद्धा जुळायचा नाही." मी घरातली शेवटची, शेंडेफळ, म्हणून त्या अक्षरावर मी माझी मालकी सांगायचे. काल दुपारी मला आठवण झाली आणि मी स्टुलावर चढले. रंगाचे थर बसले होते. केसातल्या आकड्याने खरवडल्यावर तो निघाला. एवढ्या वर्षांत किती माणसे त्या खोलीत झोपून गेली असतील, त्या सगळ्यांची झोप त्याने सांभाळली.

तो माझ्या हातात असताना दार वाजले. वर अनोळखी माणसे शिरतात अशी तक्रार करून धाकटे मालक दोन शिपायांना घेऊन आत आले. मी स्टुलावर, खिडकी उघडी, वारा सुटलेला. शिपायाने विचारले, "हातात काय आहे?" मी म्हटले, "खिळा." त्याने तो ताब्यात घेतला आणि लिहिले, लोखंडी खिळा. मालक म्हणाले, "बघा, खिडक्या उचकटतात हे लोक." शिपायाने त्या मुलीला विचारले, "ही बाई कोण?" तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. ती म्हणाली, "मावशी." सकाळपासून तीच हाक तिच्या तोंडात होती. शिपायाने सख्खी की चुलत ते विचारले नाही, तसेच लिहून घेतले. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण स्टुलावरून उतरायला मला वेळ लागतो. धाकट्या मालकांनी माझ्याकडे पाहिले, पण ओळखले नाही. मी त्यांना ओळखले, कानांवरून. बाकी माणूस बदलला, कान तेवढे जिथल्या तिथे आहेत.

आज साहेबांनी मला सरळ विचारले, "आजी, तुम्ही तिची मावशी आहात का? हो किंवा नाही." मी म्हटले, मालकांना आत बोलवा, मग सांगते. साहेबांनी त्यांना आणि त्या मुलीला आत बोलावले. ते टेबलापाशी उभे राहिले. मी विचारले, "मुंगळ्या, तुला पोहायला कुणी शिकवलं?"

मुंगळा हे धाकट्या मालकांचे लहानपणचे नाव. एकदा चिकटला की सुटायचा नाही म्हणून. हे नाव जबाबात घेऊ नये अशी त्यांची विनंती आहे. मी सांगितले म्हणून घेतले आहे.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ताई? वरच्या ताई?" मी म्हटले, "आधी उत्तर दे." ते म्हणाले, "पोहणाऱ्या मावशीनं." मी म्हटले, "कुणाची मावशी ती?" ते म्हणाले, "तुमची. तुमच्या आईची बहीण ना?" मी म्हटले, "आमची कुणीच नव्हती. कुठल्याशा शाळेत कवायत शिकवायची. दर सुट्टीत भाडं देऊन पुढच्या खोलीत राहायची. तुझ्या वडिलांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

त्यांना हे माहीत नव्हते, असे दिसले. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "म्हणजे खरी मावशी नव्हती?" मी म्हटले, "खरी नव्हती, तर सुट्टी संपून ती गावी गेली त्या दिवशी तू आमच्या जिन्यावर बसून रडलास कशाला? जेवायलासुद्धा उठला नाहीस. 'माझी मावशी गेली' म्हणत होतास. माझी म्हणत होतास, आमची नव्हे." साहेबांनी लिहिणे थांबवून त्यांना पाणी दिले.

मग ते जे बोलले ते त्यांच्या शब्दांत सांगते. "मला पैशाचं काही नाही, ताई. ही गेल्यापासून मी खाली एकटा. जिन्यात रोज नवा चेहरा. पेट्यांची चाकं धडधडत वर जातात, आणि मला कुणी सांगत नाही कोण आलंय. माझ्याच घरात मीच तिऱ्हाईत. बाबांना निदान खोटं तरी सांगायला यायचे लोक." ही म्हणजे त्यांची बायको, ती दोन वर्षांपूर्वी वारली. ती मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "काका, मला भीती वाटायची तुमची." ते म्हणाले, "मला काय शिंगं आहेत?"

त्यांचे म्हणणे खोटे नाही, हेही मी सांगते. वर कोण झोपले आहे हे खालच्याला कळायला हवे. आईला ते कळत होते. या पोरीला कुणी शिकवले नाही.

साहेब म्हणाले, भाड्याचा वाद त्यांचा नाही, पण पंचनाम्यात मावशी असे लिहिले आहे ते ठेवायचे की खोडायचे, ते एकदा सांगा. खोडले तर मालकांच्या हाती पुरावा आहे. मी जुळाऱ्याची मुलगी आहे. चुकीचा शब्द मी राहू देत नाही. माझी आणि तिच्या आईची एक आई नाही, हे मी स्पष्ट सांगितले. तरी त्या घरात या शब्दाचा जो अर्थ होता, त्या अर्थाने तो चुकीचा आहे असे मला म्हणता येईना. म्हणून मी धाकट्या मालकांकडे पाहिले. त्यांनी नोटिशीचा कागद खिशातून काढला, घडी उलगडली नाही, टेबलावर ठेवला. ती मुलगी त्या कागदाकडे बघत होती. ते साहेबांना म्हणाले, "काल रात्रभर वर खिडकी वाजत होती. तो खिळा यांना परत द्या." साहेबांनी विचारले, "आणि मावशी?" ते म्हणाले, "मावशी राहू द्या." मग त्या मुलीकडे वळून म्हणाले, "आणि पुढची मावशी आली की आधी खाली घेऊन ये."

खिळा एक, शिशाचा, झिजलेला, मला परत मिळाला. तो आज त्या खिडकीत पुन्हा बसवायचा आहे. स्टूल धाकटे मालक धरणार आहेत.

हा जबाब साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. 'लोखंडी खिळा' खोडून तिथे 'छापखान्यातला खिळा, अक्षर ळ' असे करून घेतले, ते बरोबर आहे. 'मावशी' हा शब्द सगळ्यांसमक्ष तसाच ठेवला आहे, तो बरोबर आहे.